वाक्यांची शेपटं

इस्पितळात त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचा राग येत नसे, कारण त्या खरोखरच मोजत. जिना चढताना पायऱ्या, रांगेत उभं असताना पुढची डोकी, आणि मीटिंगमध्ये साहेब किती वेळा "बेसिकली" म्हणाले तेसुद्धा. तेविसाव्या वर्षी त्या टायपिस्ट म्हणून रेकॉर्ड विभागात लागल्या. टाइपरायटर मोडीत निघाले तेव्हा त्यांचं वय होतं एकेचाळीस. बरोबरीच्या दोघींनी नोकरी सोडली. बाईंनी मात्र भाच्याची कॉलेजची जुनी पुस्तकं मागून आणली आणि रोज जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने डबा खात, प्रोग्रॅम लिहायला शिकल्या. बावन्नाव्या वर्षी इस्पितळाच्या संगणक विभागात त्या एकट्याच अशा होत्या, ज्यांना प्रत्येक यंत्र कधी आणि का रुसतं ते ठाऊक होतं.

तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागे, भिंतींना जाड फोम लावलेली एक छोटी खोली होती. घशाच्या आजारामुळे ज्यांची स्वरपेटी काढावी लागणार, त्यांना ऑपरेशनआधी तिथे बसवून त्यांच्याकडून शेकडो वाक्यं बोलून घेत. पुढे ती सगळी वाक्यं एका टॅबमध्ये घालून त्यांना देत. चित्रावर बोट ठेवलं की त्या माणसाच्याच आवाजात वाक्य ऐकू येई. ही खोली एक साठीला टेकलेले गृहस्थ सांभाळत. उभा जन्म नाटकांच्या ध्वनिव्यवस्थेत गेलेला. त्यांना सगळे मामा म्हणत.

त्या वर्षी बाहेरच्या एका कंपनीकडून रेकॉर्डिंगचा नवा प्रोग्रॅम आला, आणि दोन महिन्यांत एक बाई टॅब छातीशी धरून तरातरा संगणक विभागात शिरल्या. मागे त्यांचे यजमान. रुंद खांद्यांचे, गळ्याला पांढरं फडकं, हातात पाटी. गावच्या तरणतलावावर तीस वर्षं पोहायला शिकवणारे मास्तर. त्यांची हाक म्हणे तलावाच्या बाहेर, रस्त्यापलीकडेसुद्धा ऐकू जायची.

"ऐका," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी टॅबवर बोट ठेवलं.

"पाण्यात तोंड उघडू," टॅबमधून मास्तरांचा खणखणीत आवाज आला.

"नको कुठे गेलं ह्यातलं? पोरं बुडतील की हो! आणि हे ऐका."

"मला आता दुखत," टॅब म्हणाला.

"ह्याच्यातलं 'नाही' गेलं. काल नर्सने ह्यांना दोनदा इंजेक्शन टोचलं. हे बिचारे मान हलवतायत, आणि हे यंत्र बोंबलतंय, दुखत, दुखत!"

मास्तर मागे उभे राहून हसत होते. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

साहेबांनी मामांना बोलावून घेतलं. मास्तरांची सहाशे चाळीस वाक्यं होती. जवळजवळ प्रत्येकाचं शेपूट तुटलेलं. "हो", "नको", "ये" अशा एकेका शब्दाच्या फाइली तर चक्क रिकाम्या.

"मामा, तुम्ही बटण लवकर सोडताय," साहेब म्हणाले. "वय झालं की होतं असं. मी कंपनीला लिहितो, तीन आठवड्यांत उत्तर येईल. तोवर तुमच्या जागी कुणीतरी बघू."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मामा बाईंना म्हणाले, "पडदा पूर्ण पडल्याशिवाय मी कधी आवाज तोडला नाही हो. पण काय सांगावं, हात मंदावला असेल. माझ्यावर खापर फोडलं त्याचं काही नाही. ह्या माणसाचा आवाज आता कुठून आणू मी? त्याला परत बोलता येणार नाही."

बाई जागेवर येऊन बसल्या आणि आपल्याला जे येतं ते करू लागल्या. मोजू लागल्या.

प्रत्येक फाइलचा आकार त्यांनी कागदावर उतरवून घेतला. दहा-बारा आकडे लिहून झाल्यावर त्या थबकल्या. ह्यातला प्रत्येक आकडा बत्तीस हजार सातशे अडुसष्टच्या पटीत होता. दुप्पट, तिप्पट, पाचपट, नाहीतर शून्य. अधलामधला एकही नाही.

"माणूस काय मापट्याने मोजून बोलतो?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मामांचं बोट चुकलं असतं, तर आकडे वाटेल तसे यायला हवे होते. इतकी शिस्त माणसाच्या चुकीत नसते.

प्रोग्रॅमचा मूळ मजकूर कंपनीने इस्पितळाला दिला होता, आजवर कुणी उघडून पाहिला नव्हता. बाईंनी उघडला. माइकमधून आवाज येतो तो बाइटांच्या न संपणाऱ्या ओळीसारखा, सेकंदाला हजारोंनी. एकेक बाइट डिस्कवर लिहायचा म्हटला तर यंत्राचे निम्मे कष्ट हेलपाट्यांतच जातील. म्हणून आधी सगळे मेमरीतल्या एका डब्यात साठवतात. त्याला बफर म्हणतात. डबा गच्च भरला की एका दमात फाइलमध्ये ओततात. हा डबा साधारण एका सेकंदाच्या आवाजाचा होता. इथवर सगळं ठीक. पण माणूस बोलायचा थांबला की अर्धवट भरलेला डबासुद्धा ओतून घ्यावा लागतो, आणि नेमकी ती एक ओळ लिहायची राहून गेली होती. फाइल बंद होत होती, डबा तसाच. आपल्या भाषेत क्रियापद येतं शेवटी, नाही आणि नकोही शेवटीच. तेच सगळं डब्यात अडकत होतं.

मग मामा निर्दोष होते. बाईंना हायसं वाटलं, पण मास्तरांचं काय?

त्या पुन्हा त्याच ओळींवरून बोट फिरवत राहिल्या. डबा ओतला जात नव्हता, पण तो टाकूनही दिला जात नव्हता! पुढचं वाक्य सुरू झालं की त्यावरच पुढचा आवाज साठायचा आणि डबा भरला की सगळं मिळून पुढच्या फाइलमध्ये जायचं. मग कुणाच्या कानावर कसं पडलं नाही? त्याचंही कारण सापडलं. प्रत्येक वाक्याआधी बोलणाऱ्याला इशारा म्हणून "टिंग" वाजायचं, आणि ऐकवणारा प्रोग्रॅम त्या टिंगच्या आधीचं सगळं वगळूनच सुरुवात करायचा.

बाईंनी एक मूळ फाइल काहीही न वगळता लावली. हेडफोनमध्ये आधी "नको" ऐकू आलं, मग टिंग, मग पुढचं वाक्य.

"मामा! अहो, खुर्ची घेऊन इकडे या."

मामांनी एकदा ऐकलं. परत लावा अशी खूण केली. चौथ्यांदा ऐकून झाल्यावरही त्यांनी हेडफोन काढला नाही. डोळे पुसायला तेवढा चष्मा काढला.

पुढचं काम सोपं वाटत होतं. सगळ्या फाइली क्रमाने एकामागे एक जोडायच्या, आणि प्रत्येक टिंगपाशी कापायचं. बाईंनी तासाभरात प्रोग्रॅम लिहिला, चालवला आणि तुकडे मोजले. सहाशे सत्तावीस. तेरा कमी. चहा गार झाला, तेरा काही सापडेनात. शेवटी ध्यानात आलं की त्यांचा स्वतःचा प्रोग्रॅमही डब्याडब्यानेच वाचत होता, आणि तेरा ठिकाणी टिंगचा अर्धा तुकडा एका डब्याच्या शेवटी, उरलेला पुढच्याच्या सुरुवातीला पडला होता. दोन्ही अर्धवट, म्हणून एकही ओळखू येत नव्हता. "बाई, दुसऱ्याला नावं ठेवत होतीस ना, आता स्वतःचं बघ!" असं त्या हसत म्हणाल्या. मग मागच्या डब्याचं थोडं शेपूट हातात धरून पुढचा डबा वाचायची सोय केली, आणि पुन्हा मोजले. सहाशे चाळीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आणि मास्तरीणबाई आले. पाण्यात तोंड उघडू नको. मला आता दुखत नाही. एकेक वाक्य पुरं होई तसा मास्तरीणबाईंचा चेहरा उजळत गेला.

"दोन वाक्यं मात्र मला देता आली नाहीत," बाई म्हणाल्या. "रेकॉर्डिंग दोन दिवस चाललं, त्या दोन्ही दिवसांचं शेवटचं वाक्य. त्यांच्यामागे पुढची फाइलच नव्हती. प्रोग्रॅम बंद झाला, तिथे ती शेपटं खरंच गेली."

पहिलं होतं "जाताना दार लावून". ते कळण्यासारखंच होतं. दुसरं, मनाला येईल ते बोला असं मामांनी सांगितल्यावर मास्तरांनी बोललेलं, बायकोसाठी. बाईंनी ते लावलं.

"इतक्या वर्षांत तुझा चहा मला एकदाही," मास्तर म्हणाले, आणि संपलं.

"एकदाही काय?" मास्तरीणबाई गर्रकन वळल्या. "काय एकदाही? आवडला नाही? चुकला नाही? अहो, लिहा ना!"

मास्तरांनी पाटी घेतली, खडूने दोन शब्द लिहिले, आणि बायको वाकून बघणार तोच तळहाताने पुसून टाकले. त्यांचे खांदे इतके हलत होते की मामांना त्यांना खुर्चीत बसवावं लागलं. मास्तरीणबाईही डोळ्यांना पदर लावून हसत होत्या.

साहेबांनी मामांची माफी मागितली, सगळ्यांदेखत, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. विसरलेली ती ओळ बाईंनी प्रोग्रॅममध्ये घातली. मग मास्तरांखेरीज ज्या पाचजणांचं रेकॉर्डिंग त्या प्रोग्रॅमवर झालं होतं, त्यांची यादी काढून प्रत्येकाच्या घरी स्वतः फोन केला. पाचांपैकी एकाचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. त्याला बोलावून मामांनी शेवटचं वाक्य पुन्हा बोलून घेतलं.

महिन्याभराने टॅब तलावावरच्या कर्ण्याला जोडायचा होता. तेही काम बाईंकडेच आलं. मास्तरांना पाण्यात उतरायची आता मुभा नव्हती. ते काठावर उंच स्टुलावर बसले होते, टॅब मांडीवर घेऊन. पाण्यात वीसेक मुलं, नीट सांगायचं तर एकवीस.

"पाय सरळ ठेवा," कर्णा गरजला. एकवीसच्या एकवीस जोड्या सरळ झाल्या. एक लहानगी काठाला धरून ओरडली, "मास्तर, तुम्ही परत आलात?"

मास्तरांनी बोट ठेवलं. "हो." ती फाइल आधी रिकामी होती.

बाई वायर गुंडाळून निघणार, एवढ्यात मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि टॅबवर काहीतरी शोधून दाबलं.

"घाबरू नकोस, उतर पाण्यात."

"मी?" बाई म्हणाल्या. "अहो, बावन्न वर्षांची आहे मी!"

मास्तरांनी पाटीवर लिहिलं, "मंगळवारी मोठ्यांचा वर्ग. सकाळी सात."

बाईंनी पाटी वाचली, मग त्या निळ्या पाण्याकडे बघितलं, आणि विचारलं, "पोहायचा पोशाख कुठे मिळतो इथे?"