बारावा बार

एलेउतेरिओ चोकेचा हात आधी चालायचा, तोंड मागून. खाणीत त्याची दोन बोटं सुरुंगात गेली होती, आणि त्यावरून थट्टा करणाऱ्याचे त्यानं दोन दात पाडले होते. दुर्बिणीसाठी डोंगराचा माथा उडवून सपाट करायचं ठरलं, तेव्हा तो धाकट्या भावाला, सिप्रियानोला, घेऊन वाळवंटात आला.

सुरुंगवाल्यांचा नेम साधा असतो. जितक्या वाती पेटवल्या तितके बार मोजायचे. एक जरी कमी भरला तर अर्धा तास कुणी जागचं हलायचं नाही. एलेउतेरिओनं जन्मभर खाणीच्या पोटात मोजलं होतं, तिथे आवाज दगडातच जिरतो. उघड्या माथ्यावर तो समोरच्या कड्यावरून परत येतो. त्या दिवशी वाती बारा होत्या. अकरा बार उडाले. आधीचे पडसाद एकमेकांत मिसळले, अकराव्याचा तेवढा सुटा आला. त्यानं तोच बारावा धरला आणि पुढे जायला हात केला. सिप्रियानो पहार घेऊन पुढे गेला, आणि राहिलेला सुरुंग त्याच्या पायाखाली उडाला. भावाला त्यानं चादरीत गोळा केलं. चादर भरलीसुद्धा नाही.

मुकादम ओयार्सून सकाळपासून घाई करा म्हणून ओरडत होता. एलेउतेरिओनं त्याचा जबडा फोडला, बरगड्यांवर पाय दिला. चौघांनी ओढून काढलं. मुकादमाला दवाखान्यात नेलं. त्यानंच माणूस खाल्ला असं सगळी छावणी म्हणू लागली, आणि एलेउतेरिओनं म्हणू दिलं. बारावा आवाज पातळ होता हे त्याला पक्कं आठवत होतं. भेकडपणा होता हा, दुसरं काही नाही.

महिन्याभरानं दुर्बिणीवाल्या लेओनोरबाई जेवणाच्या तंबूत आल्या. दीर्घिकांच्या मधली जागाच ताणली जाते, त्यांनी सांगितलं, आणि त्या एकमेकींपासून लांब जात राहतात. एका हद्दीपलीकडून आज निघालेला उजेड कितीही धावला तरी इथवर कधीच पोहोचणार नाही.

"म्हणजे तिकडे काही नाहीच की बाई," एकजण घेवडा चावत म्हणाला.

"आहे ना. बातमी आली नाही म्हणून तिकडे रिकामं आहे असं धरून चालू नका."

एलेउतेरिओनं ताट बाजूला सारलं. त्याच वेळी कुणीतरी म्हणालं, सिप्रियानोच्या बायकोचे भाऊ मुकादमासाठी सुरे घेऊन पायीच गावच्या दवाखान्याकडे निघालेत.

तो ट्रकनं गावी पोहोचला तेव्हा सिप्रियानोची बायको सातुर्नीना मका वाटत होती.

"मुकादमानं नाही मारलं त्याला," तो दारातूनच म्हणाला. "बार अकराच उडाले होते. मी बारा मोजले."

तिनं वरवंटा उचलला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. तो पडला, तरी हात आडवा घातला नाही. ती मारत राहिली, रडत राहिली, मग धापा टाकत थांबली.

"उठा, भाऊजी. आधी माझ्या भावांना अडवा," ती म्हणाली. "मग परत या. माझं अजून झालेलं नाही."

त्यानं रक्त थुंकलं आणि दवाखान्याच्या वाटेला धाव घेतली. त्यांना फाटकात गाठून माघारी वळवलं. संध्याकाळी तो तिच्या दारात परत आला.