ट्युलिपचे पाच कंद

उत्तराला सातव्या महिन्यातच मुलगा झाला, आणि तो रडलाच नाही. नर्सने त्याच्या तळपायांना शाई लावून एका कार्डावर दोन ठसे घेतले. तेवढंच काय ते घरी आलं. २००४चा सप्टेंबर होता. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या मराठी बायकांनी महिनाभर डबे पोचवले, पण बाळाचा विषय काढायची एकीचीही छाती झाली नाही.

तो काढला शेजारच्या हानेकेआजींनी. मूळच्या हॉलंडच्या. ट्युलिपचे पाच कंद तिच्या हातात देत म्हणाल्या, "इथे पुरेशी थंडी पडत नाही, म्हणून डिसेंबरपर्यंत फ्रीजमध्ये ठेव. मग त्याच्यासाठी लाव."

लावण्याला त्यांच्या भाषेत 'प्लांटेन' म्हणतात. शब्द आला लॅटिनमधून. तिथे 'प्लांटा' म्हणजे तळपाय. रोप खोचून वरची माती पायाने दाबायची, म्हणून ते लावणं, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं.

उत्तराला ते कसंसंच वाटलं. अंथरुणातून उतरतानासुद्धा भुईची क्षमा मागून पाय टेकायचा, हे आईचं वळण. तरी पिशवी तिने फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवली आणि रोज उघडून पाहू लागली. त्या कंदांच्या भरवशावर ती एकेक दिवस ढकलत होती.

राजीव, तिचा नवरा, तसा सालस. पण स्वयंपाकघरात पाहुणाच. डिसेंबरातल्या एका शनिवारी बायकोला आयते पोहे द्यावेत म्हणून तो लवकर उठला. घरात कांदे कुठे असतात एवढं जरी या गृहस्थाला माहीत असतं, तर पुढचं टळलं असतं. उत्तरा खाली आली तेव्हा चार कंद चिरून झाले होते.

"हे कांदे डोळ्यांना झोंबतच नाहीत, यार," तो खुशीत म्हणाला.

"ते बाळाचे होते रे."

हॉस्पिटलात एक टिपूस न काढलेला राजीव सुरी ठेवून तिथेच फरशीवर बसला आणि हमसून हमसून रडला. तीन महिने उत्तराने त्याला दगड समजून मनातल्या मनात बोल लावले होते. आता तिला त्याच्यावर रागावताही येईना.

उरलेला कंद दोघांनी मागच्या अंगणात लावला. माती दाबायला राजीवने पाय उचलला.

"थांब," ती म्हणाली. आतून कार्ड आणून तिने ठसे खाली करून मातीवर ठेवलं आणि वरून तळहाताने दाबलं. "त्याला लावू दे."

कार्ड उचललं तेव्हा दोन्ही पावलांना ओली माती लागली होती. तिने ती पुसली नाही.