पौर्णिमाचं शिफारसपत्र

पौर्णिमा बार्शीटाकळीची. तिकडे शेतात तुरीचं उभं झाड एकाएकी सुकतं, त्याला मर लागली म्हणतात. अमरावतीत राहून तिनं याच रोगाच्या बुरशीवर पीएच.डी. केली. ती नववीत असताना आई गेली. वडील, नत्थुजी, शाळेत शिपाई होते. सुट्टीच्या दिवशी ते सुकलेली झाडं मुळासकट उपटायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि एसटीनं तिच्याकडे आणून द्यायचे.

पुढचं काम इथं होण्यासारखं नव्हतं. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी, ती नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळांना लिहू लागली. सकाळी राजापेठेतल्या क्लासवर बारावीला जीवशास्त्र शिकवायचं आणि दुपारी अर्ज करायचे. प्रत्येक प्राध्यापकाचे शोधनिबंध वाचून ती वेगळं पत्र लिही. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. दीड वर्षानं एका प्राध्यापक बाईंनी व्हिडिओवर तासभर मुलाखत घेतली. शेवटी हसून म्हणाल्या, तुमच्या मार्गदर्शकांचं शिफारसपत्र आलं की पुढचं ठरवू.

मार्गदर्शक होते डॉ. खुशालराव ढोक. "आजच पाठवतो," ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी बाईंचा मेल आला. यंदा तुम्हाला घर सोडून येता येणार नाही असं समजलं, म्हणून जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. खाली आणखी एक ओळ होती : तुमच्या वडिलांना लवकर बरं वाटो.

वडिलांना काहीच झालेलं नव्हतं. आदल्याच दिवशी ते फोनवर छपरावरची कवेलू बदलल्याचं सांगत होते. पौर्णिमा तशीच सरांच्या घरी गेली.

ढोक सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"तुझे बाबा आले होते माझ्याकडे."

"कधी?"

"पत्र लिहायच्या आधी. इथंच बसून रडले. म्हणाले, सर, मले एकच लेक हाय. ते तिकडे गेली त वापस येत नाई. मी बिमार आहो असं लिहून द्या, पन तिले सांगू नका." सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मला नाही म्हणवलं नाही, पौर्णिमा."

"तुम्ही मला एकदा तरी विचारायचं होतं, सर."



शनिवारी ती घरी गेली. नत्थुजींनी तिच्यासाठी पातोडीचा रस्सा केला होता. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "त्या परदेशाचं काय झालं वं?"

"नाई झालं, बाबा."

"जाऊ दे. त्याईलेच कदर नाई."

तिच्या ताटात वाढून झालं तरी ते पळी हातात धरून तिच्याकडे पाहत राहिले. आता हे सांगतील, असं तिला वाटलं. ती घास हातात धरून थांबली. ते उठले आणि हात धुवायला मोरीवर गेले.

त्यानंतर तिनं अर्ज केला नाही. प्रत्येक अर्जात सरांचं नाव द्यावं लागायचं, आणि तिथं आलं की तिची बोटं थांबायची. आता ती अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. नत्थुजी तिच्याजवळच राहतात. घरी कुणी आलं की कौतुकानं सांगतात, "परदेशातून बोलावनं आलं होतं तिले. पन बापाले सोडून नाई गेली."

पौर्णिमा स्वयंपाकघरात ते ऐकते. ती त्यांना कधी खोटं पाडत नाही. पाहुण्यांसाठी चहा टाकते आणि तो उकळेपर्यंत बाहेर येत नाही.