तानुबाईचा परवाना

अंबादेवीच्या वाटेवरच्या बाजारात तानुबाई माह्या बाजूले बसे. मी वांगे-मेथी विकत होतो, ती झेंडूचे हार. अकरा वर्सं. तिचा नवरा मेलेला, माही बायको मेलेली. दिवसभर आमचं भांडन चाले, तेच आमचं बोलनं. "भगवंतभाऊ, मेथी माह्या फुलाईवर काहून झटकून राहिले?" असं ती म्हने, अन् मी मुद्दाम अजून झटकत होतो.

सदतीस साली मुनशिपाल्टीच्या कमेटीची निवडनूक लागली. बसायचा परवाना दरसाली नवा लागे, अन् तो खुशालराव मेंबराच्या हातात. त्यानं आमाले महादेवाच्या देवळात बोलावलं. म्हने, "बेलभंडार उचला, मत मलेच देतो म्हना, अन् परवाना घेऊन जा." सगळ्याईनं उचलला. मी उचलला, तिनंबी उचलला.

निवडनुकीत त्याच्यासमोर शेषराव मास्तर उभा होता. तानुबाईच्या नवऱ्याच्या तिरडीले चवथा खांदा भेटत नव्हता, तवा हा मानूस शाळा सोडून धावत आलता. मताच्या दिवशी पडद्याआड दोघाईच्या दोन पेट्या होत्या, तिनं चिठ्ठी मास्तराच्या पेटीत टाकली. कोनाले कळनार होतं? कोनालेच नाई.

पन बाई येडी! खुशालराव निवडून आला, अन् दुसऱ्या दिवशी ही त्याच्या ओसरीवर हजर. परवाना पुढं ठेवला. "देवापुढचा शब्द मोडला म्या. मत मास्तराले देल्लं. हा कागद मले पचनार नाई."

त्यानं कागद ठेवून घेतला. बाजारात तिच्याशी कोनी बोलेना. हिच्यापायी आपलाबी परवाना जाईन, हे भेव. मीबी बोललो नाई. तिसऱ्या दिवशी शिपायानं तिची टोपली उचलून रस्त्यावर ठेवली, तवा मी खाली मान घालून जुड्या बांधत होतो. तिनं एकदा माह्याकडं पाह्यलं, अन् गेली.

अकोल्याले भाच्याकडं राहिली, तिथंच मेली म्हनतात. तिच्या जागी आता मेंबराचा एक मानूस पानं विकते. मेथी झटकली तं हूं का चूं करत नाई. लय एकटं वाटते लेकहो, दिवसभर तोंड उघडायले काम नाई.

त्या तिरडीले पुढचा खांदा माहा होता. मास्तर माह्या मांगंच होता. म्याबी चिठ्ठी त्याच्याच पेटीत टाकली होती. माहा परवाना अजून भिंतीवर हाय. कोनाले सांगितलं नाई म्या. तिले तरी सांगायले पाह्यजे होतं.