उघाडी निकामी नव्हती

वीज नाही, मोटर नाही, राखणदार नाही, तरी दिवसातून चार वेळा आपणहून हलणारं यंत्र तुम्ही कधी पाहिलंय का? मी पाहिलं आणि त्यावर ‘निकामी’ असा शेरा मारला.

ठाण्यातल्या एका कन्सल्टन्सीत मी सिव्हिल इंजिनिअर आहे. बाळकुमला खाडीकाठच्या नव्या कॉम्प्लेक्सच्या कंपाउंड वॉलचा सर्व्हे माझ्याकडे होता. प्लॉटच्या टोकाला जुना मातीचा बांध आणि त्यात एक उघाडी. उघाडी म्हणजे दगडी मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेलं लाकडी दार. भरतीचं पाणी दार दाबून बंद करतं. ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. वाहत्या पाण्यावर धान्य दळणाऱ्या पाणचक्क्या मोडीत निघाल्या. उघाडी ही त्यांची खाडीवरची बहीण. मागच्या गावठाणाचा सगळा निचरा तिच्यातूनच होतो.

मी सकाळी अकराला गेले. दार उघडं. खात्रीसाठी पंधरा दिवसांनी त्याच वेळेला पुन्हा गेले. उघडंच. रिपोर्टमध्ये लिहिलं: दार बंद होत नाही, मोरी काँक्रीटने बुजवावी.

चार दिवसांनी फोटो काढायला गेले, तर बांधावर गावठाणातले दामूकाका बसलेले. त्यांचं आयुष्य मिठागरात गेलंय.

“काय गो बाय, कसला फोटू?”

“काका, ही मोरी बुजवणार आहेत. दार बंदच होत नाही.”

“तू कवा आलतीस?”

मी तारखा सांगितल्या. त्यांनी बोटांवर मोजलं आणि हसता हसता त्यांना खोकला लागला.

“दोनी येला अष्टमी! अष्टमीला अकराला ओहोटीच असते, दार उघरंच असनार. एवरी शिकलीस, पन चांद नाय बघितलास!” मग हसू थांबलं. “बुजवलंस तर पावसाचं पानी आमच्या घरान शिरल. तुझ्या हापिसान नाय.”

मी तडक ऑफिसात सरांकडे गेले आणि अष्टमीची गोष्ट सांगितली.

“अगं, रिपोर्ट क्लायंटला गेलाय. आता तिथी बघत बसायचं?”

“चूक माझी आहे, सर. लोकांच्या घरात पाणी शिरलं तर खाली सही आपल्या दोघांची असेल.”

सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. “पौर्णिमा कधी आहे?”

पौर्णिमेला दुपारी भरती असते, म्हणून त्या दिवशी सकाळी नऊलाच आम्ही बांधावर होतो. दार उघडं होतं, आतलं पाणी अजून बाहेर पडत होतं. सर एकदा घड्याळाकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. पाणी चढत मोरीच्या तोंडाशी आलं. दार थरथरलं, मिटत गेलं आणि थप्प करून चौकटीवर बसलं. दुपारपर्यंत बाहेर कमरेएवढं पाणी होतं, आत नुसता ओला चिखल. सरांनी वाकून पाहिलं. चौकट मुद्दाम किंचित तिरकी ठेवलेली, म्हणून दार स्वतःच्या वजनानेच मिटायला येतं.

“कसलं डिझाइन आहे, यार,” ते पुटपुटले.

रिपोर्ट मागे घेतला. क्लायंट चिडला, पण नकाशात भिंत बांधाच्या मागे सरकली आणि उघाडी राहिली. मी शिकले ते एवढंच: इन्स्पेक्शन ऑफिसच्या वेळेत होतं, खाडी ऑफिसच्या वेळेत चालत नाही.

तुम्ही खाडीकाठच्या सोसायटीत राहत असाल, तर येत्या मीटिंगमध्ये उभे राहा आणि विचारा: इथे उघाडी होती का, आणि बुजवली असेल तर कोणाच्या सहीने? अजून शाबूत असेल तर तिची नोंद करायला महापालिकेला पत्र द्या. बुजवली असेल तर उघडायला लावा. पावसाळ्याआधी.