सगळ्यांच्या आधी निघणारी माणसं

सिंगापुरात आंग मो किओच्या आमच्या ऑफिसात संध्याकाळी जो तो बॅग उचलतो, ‘आय गो फर्स्ट, आह’ असं हवेत सोडून देतो आणि लिफ्टकडे पळतो. कोणी मान वर करूनही बघत नाही. आमचे जपानी साहेब मात्र तसे निघत नसत. ते प्रत्येकाच्या टेबलाशी थांबायचे, हात मांड्यांना चिकटवून कमरेतून वाकायचे आणि म्हणायचे, ‘‘सॉरी, तुमच्याआधी निघतोय.’’ माझ्यासारख्या चार पायऱ्या खालच्या बाईपुढेसुद्धा. सुरुवातीला मला ते नाटक वाटलं. पुढे चीड यायला लागली, कारण त्यांचं वाकणं पाहिल्यावर मला उठून निघायची लाज वाटायची. आता ते रिटायर होऊन जपानला परत गेलेत आणि संध्याकाळी त्या टेबलांमधली वाट फार रिकामी दिसते.

त्यांच्या त्या वाकण्यामागची गोष्ट मला बाबांमुळे कळली.

आई गेल्यावर मी बाबांना चिंचवडहून इकडे घेऊन आले. आमच्या फ्लॅटच्या खिडकीशी ते बसून राहायचे. बोलायचे तसे, लिफ्टबद्दल, उकाड्याबद्दल, समोरच्या ब्लॉकमधल्या वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल. फक्त आईबद्दल एक अक्षर काढायचे नाहीत. मी तिचा विषय काढला की लगेच उठून पंखा कमी-जास्त करायचे. टीव्हीशेजारी तिचा फोटो ठेवला होता, त्याच्याकडे त्यांनी नीट बघितलेलंही मला आठवत नाही. रडून मोकळे झाले असते तरी चाललं असतं. नुसतं ‘तुझी आई’ एवढं जरी म्हणाले असते तरी मला पुरे होतं. मी त्याची वाट बघत होते, आणि मला वाट बघता येत नाही हे माझ्या घरचे सगळे जाणून आहेत.

बाबा कामगार की खेळाडू, हे त्यांना स्वतःलाही धड सांगता यायचं नाही. पिंपरीच्या एका कंपनीने त्यांना कबड्डीसाठी घेतलं आणि मस्टरवर टर्नर म्हणून लावलं. सकाळी लेथ, दुपारी जेवण झालं की मैदान. टीममध्ये ते डाव्या कोपऱ्याला. त्यांनी एकदा घोटा धरला की चढाई करणारा परत गेला नाही, असं त्यांचे दोस्त अजून सांगतात. घरी ते अंधार पडल्यावर यायचे. रॉकेलची रांग, आमच्या शाळा, आजोबांचं दुखणं, पाहुणेरावळे, सगळं आईकडे. ‘‘तुझ्या बापाचं लग्न मैदानाशी झालंय, मी आपली वऱ्हाडी,’’ असं ती हसत म्हणायची आणि त्यांच्या गुडघ्याला लावायला हळद गरम करायला घ्यायची. स्वयंपाकघरात बाबांनी पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. पाणीसुद्धा जागेवर.

एका शनिवारी ऑफिसातल्या डिपार्टमेंटांची फुटबॉलची मॅच होती. मी बाबांना जवळजवळ ओढतच नेलं.

‘‘फुटबॉलात काय बघायचंय?’’ बाबा वाटेत कुरकुरले. ‘‘ज्यात दम धरावा लागत नाही तो कसला खेळ?’’

मैदानावर आमची अकाउंट्सची मुलं दहा मिनिटांत धापा टाकायला लागली. जपानी साहेब कडेला पाण्याच्या बाटल्या सांभाळत उभे होते. ते कधी खेळत नसत, बोलावलं तरी हसून मान हलवायचे. तेवढ्यात एक उंच उडालेला बॉल त्यांच्या अंगावर आला. त्यांनी नुसता पाय पुढे केला. बॉल त्यांच्या बुटाशी येऊन गप्प बसला, सांगितल्यासारखा.

बाबा बाकावर ताठ झाले. ‘‘हा गडी खेळलेला आहे.’’

‘‘कशावरून?’’

‘‘बॉलकडे बघितलंच नाही त्याने. बोलव त्याला चहाला.’’

साहेबांना चहाला बोलावण्याची आमच्यात पद्धत नाही, पण कित्येक महिन्यांनी बाबांनी काहीतरी मागितलं होतं. मॅच संपल्यावर आम्ही तिघं जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मोठ्या शेडमध्ये जाऊन बसलो. कंडेन्स्ड मिल्कच्या चहाला ‘‘पाक आहे हा’’ म्हणून नाक मुरडून झाल्यावर बाबांनी मला फर्मावलं, ‘‘विचार त्याला, कुठल्या कंपनीकडून खेळायचा?’’

मी क्लब हा शब्द वापरणार होते. बाबांनी मला अडवलं. ‘‘कंपनीच विचार.’’

मी विचारलं. साहेबांनी कप खाली ठेवला आणि बाबांकडे बघतच राहिले. म्हणाले, ‘‘इथे इतकी वर्षं काढली. फुटबॉल खेळायचो म्हटलं की सगळे क्लब विचारतात. कंपनी पहिल्यांदाच कोणी विचारली.’’

मग ते मोकळे झाले. ते इंग्रजीत सांगायचे, मी मराठीत करायचे. त्यांच्या तरुणपणी तिकडे पगारी खेळाडू असे जवळजवळ नव्हतेच. टीमा कारखान्यांच्या, नावं कारखान्यांची, आणि खेळणारा प्रत्येक जण तिथला नोकर. ब्राझीलहून आलेला एक जण होता, आजोबा जपानी असलेला. तोही सकाळी पॅकिंगला उभा राहायचा. साहेब रेडिओच्या सर्किटना सोल्डरिंगचे डाग द्यायचे. दुपारच्या चहानंतर उठायचे आणि कारखान्यामागच्या मातीच्या मैदानावर सरावाला जायचे. थंडीत सामन्याच्या मैदानावरचं गवत तपकिरी होऊन जायचं. बघायला कोण? कंपनीनेच बसमध्ये घालून आणलेले कामगार आणि त्यांची बायकामुलं. बाकी बाकांवर वारा. हरले काय नि जिंकले काय, सोमवारी सकाळी पुन्हा कारखान्यातल्या त्याच बाकावर हातात डागणी.

‘‘हुबेहूब आमचंच की,’’ बाबा म्हणाले आणि टेबलावर थाप मारली. शेजारच्या टेबलावरची म्हातारी दचकली.

‘‘पण आम्ही उठलो म्हणून काम थोडंच उठतं?’’ साहेब म्हणाले. ‘‘राहिलेली सर्किटं शेजारची माणसं करायची. म्हणून निघताना प्रत्येकासमोर वाकायचं, ‘तुमच्याआधी निघतोय, माफ करा’ म्हणायचं. माझ्या शेजारी एक बाई बसायच्या, आईच्या वयाच्या. त्यांनी एकही सामना पाहिला नव्हता. मी वाकलो की त्या मान वर न करता म्हणायच्या, ‘जा तू. राहिलेलं मी बघते.’’’

हे मराठीत सांगून झालं तेव्हा बाबा हसत नव्हते.

पुढे नव्वदीच्या सुरुवातीला तिकडे व्यावसायिक फुटबॉल आला. टीमच्या नावातून कंपनी गेली, गावाचं नाव आलं, दिवे आले, झेंडे आले. साहेबांच्या टीममधल्या प्रत्येकाला विचारलं गेलं. नोकरी सोडून वर्षावर्षाच्या कराराने खेळा, नाहीतर कायमची नोकरी ठेवा आणि बूट काढा. साहेबांचं नुकतं लग्न झालं होतं, वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांनी बूट काढले.

‘‘आमच्या कबड्डीचंही तेच झालंय,’’ बाबांनी मला सांगायला लावलं. ‘‘टीव्हीवर पोरांचे लिलाव होतात आता. मला कोणी विचारलं नाही ते बरं झालं. मी काय केलं असतं देव जाणे.’’

साहेबांनी मान डोलावली. ‘‘मी दुपारच्या चहानंतरही बाकावर बसून राहिलो, त्या दिवशी त्या बाई पहिल्यांदा रागावल्या. म्हणाल्या, ‘तू इथेच बसणार होतास, तर इतकी वर्षं मी तुझं काम कशाला केलं?’ मी डागणी उचलून कामाला लागलो. नुसतं आभार मानतो म्हणालो असतो तरी चाललं असतं. तेही राहून गेलं. म्हणून अजून वाकतो. आता कोणी माझं काम करत नाही, तरी वाकतो.’’

मी इतकी वर्षं त्या वाकण्याची टिंगल करत होते.

‘‘विचार त्याला,’’ बाबा हळूच म्हणाले, ‘‘त्या बाई आहेत का अजून?’’

साहेबांनी मान हलवली. नव्हत्या.

बाबांनी उरलेला पाकासारखा चहा एका घोटात संपवला आणि उठले. साहेबही उठले. मला वाटलं हात मिळवतील. दोघं एकमेकांपुढे वाकले. बाबांचं वाकणं जरा कबड्डीचं झालं, गुडघ्यात जास्त. पण झालं.

आम्ही घरी आलो. मी हातपाय धुऊन आमटी टाकायला गेले. डाळ उकळायला लागली, तेव्हा बाहेर पंखा बंद झाल्याचं कळलं. उकाड्यात पंखा का बंद केला म्हणून ओरडणार होते, पण दारातच थांबले.

बाबा आईच्या फोटोसमोर उभे होते. हात मांड्यांना चिकटवलेले. बायकोच्या फोटोला नमस्कार कसा करायचा हे त्यांना कधी कळलंच नसावं. ते सावकाश कमरेतून वाकले.

‘‘रोज मी तुझ्याआधी निघायचो,’’ बाबा म्हणाले. ‘‘कधी तुला सांगून निघालो नाही.’’

मग मान वर करून त्यांनी फोटोकडे नीट बघितलं.

‘‘या खेपेला तू आधी निघालीस. जा तू. राहिलेलं मी बघतो.’’

मी मागे सरकले आणि ओट्याला टेकून, तोंडावर पदर दाबावा तशी ओढणी दाबून रडले. चांगली रडले. आमटी उतू जायला आली तरी हात हलेना. तेवढ्यात मागून बाबा आत आले. डोळे लाल होते. त्यांनी गॅस बारीक केला, माझ्या हातातून डाव घेतला आणि पातेल्यात वाकून बघत मला विचारलं, ‘‘तुझी आई यात गूळ किती घालायची गं?’’