हात ठेवला की गप्प

फोन आला तेव्हा मी शहाद्याच्या बाजारात तांब्याची चिकटपट्टी शोधत होते. माझ्या धाकट्या भावाच्या, संजूच्या, गिटारीचं तेवढंच काम उरलं होतं. पलीकडून भावजय एवढंच म्हणाली, "ताई, या..." मी पट्टी घेतली, पिशवीत टाकली आणि लोणखेड्याला निघाले. त्या क्षणी पट्टी का घेतली, हे दीड महिन्यानंतरही उमगलेलं नाही.

संजू पाण्याच्या मोटारी भरायचा. जळालेली मोटार उघडायची आणि आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, यातच त्याचं आयुष्य गेलं. आजार कळला, जड उचलणं बंद झालं, तेव्हा त्याने घरात जाहीर केलं की तो इलेक्ट्रिक गिटार बनवणार. स्वतःच्या हातची गिटार एकदा ऐकायची, एवढंच त्याला हवं होतं. "मोटर भरनारा तू, गिटार कसाले?" मी विचारलं. "तांबं तेच, चुंबक तेच," तो हसला. "पानीना जागे सूर येई, ताई!"

मग मी सामानाची यादी केली. मोडलेल्या दाराची सागवानी फळी, मानेसाठी शिसवी पट्टी, तिच्यावरच्या सुरांच्या पडद्यांची तार, खुंट्या, बारीक करवत, कानशी... लाकूडकाम झालं, तारा चढल्या, पण आवाज डासासारखा. तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकावर त्याने सवयीने मोटारीची जाड तार भरली होती. तिथे केसाहून बारीक तार लागते. नवापूरच्या पाहुण्यांकरवी ती सुरतेहून मागवली, तर ती त्याच्या हातात तुटू लागली. बोटांना जाड तारेची ओढ ठाऊक, त्यात औषधांमुळे कंप. "तू दांडा फिराव, तार मी सांभायस," तो म्हणाला. ऑफिस सुटलं की मी त्याच्या दुकानात जाऊन मोटारी भरायच्या यंत्राचा दांडा फिरवायचे. तार तुटायची, पुन्हा पहिल्यापासून. माझा वेग वाढला की, मोटारीसाठी घाई करणारे शेतकरी आठवून तो म्हणायचा, "हयू, ताई! कोनीच केळी सुकी नही ऱ्हायनी."

एका संध्याकाळी वेटोळं पुरं झालं. स्पीकर लावला. सूर यायच्या आधी घरघर आली. संजूचे डोळे चमकले. "ऐक! हाई ते मन्ही मोटर बोली ऱ्हायनी!" त्याने तारांवर हात ठेवला, घरघर गप्प झाली. मग त्याने एक तार छेडली... आणि कितीतरी वेळ तो तीच एक तार छेडत राहिला. आत तांब्याची पट्टी चिकटवली की घरघर जाईल, असं मी कुठेसं वाचलं होतं. "ऱ्हाऊ दे ना," तो म्हणाला. मी तरी ती यादीत लिहिलीच.

गिटार आता दुकानाच्या भिंतीवर आहे. पट्टी माझ्या पिशवीत आहे, अजून लावलेली नाही. अधूनमधून जाते, स्पीकर सुरू करते. घरघर येते. तारांवर हात ठेवला की गप्प होते. मग मी हात काढून घेते.